यिन कमी पडलं की काय खावं: चिनी आहारपद्धत, पायरीपायरीने

झोपेत मान आणि छाती घामाने भिजतात आणि जाग आली की घाम थांबतो. दुपार कलली की तळहात-तळपाय कढत लागतात, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून झोपावंसं वाटतं. घसा कोरडा पडतो, पण तांब्याभर पाणी प्यावंसं वाटत नाही, दोन घोटांत भागतं. गालांच्या हाडांवर तेवढी लाली. जीभ बारीक, लालसर, आणि तिच्यावर एरवी असतो तो पातळ पांढरा थर जवळजवळ नाहीसा झालेला. चिनी पारंपरिक वैद्य हे चित्र पाहून यिन कमी पडल्याचं निदान करतात. मग औषधाच्या बरोबरीने, पुष्कळदा औषधाच्याही आधी, ताटात काय बदलायचं ते सांगतात. आधी अन्नाने उपचार करावा, तेवढ्याने भागलं नाही तरच औषध द्यावं, असं सातव्या शतकातले वैद्य सुन स-म्याव लिहून गेले आहेत. चीनमधल्या पुष्कळ घरांत हा नियम आजही पाळला जातो.

यिन म्हणजे शरीरातला ओलावा, गारवा आणि विसावा. यांग म्हणजे ऊब आणि हालचाल. यांग वाढलेलं नसलं तरी यिन घटलं की उष्णता जाणवू लागते. भांड्यातलं पाणी आटलं की तीच मंद आच भांडं करपवते, तसं. या उष्णतेला चिनी वैद्य 'पोकळ उष्णता' म्हणतात. पोकळ उष्णता आणि खरी उष्णता यांतला फरक कळला नाही, तर पुढचा सगळा आहार चुकतो. खऱ्या उष्णतेत पूर्ण चेहरा लाल होतो, गार पाणी ढसाढसा प्यावंसं वाटतं आणि जिभेवर जाड पिवळा थर असतो. तिथे उष्णता विझवायची असते. पोकळ उष्णतेत ओलावा भरून काढायचा असतो आणि ते काम सावकाश होतं.

च्यच्यांग प्रांतातल्या यीवूचे जू दान्शी (१२८१–१३५८) यांनी 'यांग नेहमी जास्त, यिन नेहमी अपुरं' असं सूत्र मांडलं आणि यिन पोसणाऱ्या वैद्यपरंपरेचा पाया घातला. तेलकट, भरगच्च जेवणापेक्षा धान्य आणि भाज्यांचं साधं जेवण त्यांनी श्रेष्ठ मानलं. नव्या माणसाने हे आधी ध्यानात घ्यावं. यिनचा आहार म्हटलं की महागडी सुकी फळं आणि डब्यातले अर्क विकत घ्यायची घाई होते. मूळ परंपरा मात्र पेज, भाजी आणि निवळ सूप यांवर उभी आहे.

पायरी १: आधी डॉक्टरांकडे जा

ही पायरी गाळू नका. रात्रीचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, कोरडा खोकला आणि वजन उतरणं हे चिनी ग्रंथांतलं 'फुप्फुसाचं यिन आटल्याचं' वर्णन आहे आणि क्षयरोगाचंही हेच वर्णन आहे. भारतात ही लक्षणं दिसली की थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी. धडधड, उष्णता सोसवत नाही आणि खाऊनही वजन घटतंय, तर थायरॉइड तपासून घ्या. सारखी तहान आणि सारखी लघवी असेल तर रक्तातली साखर पाहा. डोळे आणि तोंड महिनोन्महिने कोरडे राहत असतील तर त्यामागे स्वयंप्रतिकार विकार असू शकतो. काही औषधांनीही तोंड कोरडं पडतं.

यिनची कमतरता ही पारंपरिक वैद्यकाची संकल्पना आहे, रक्ताच्या कुठल्याही तपासणीत ती दिसत नाही. आहारातून ती भरून निघते यामागे शतकांचा वापर आहे, आधुनिक चाचण्यांचा भक्कम पुरावा नाही. म्हणून चालू असलेलं कुठलंही औषध या आहाराच्या भरवशावर बंद करू नका.

पायरी २: जीभ पाहा आणि कमतरता कुठे आहे ते शोधा

सकाळी, दात घासायच्या आधी, खिडकीतल्या उजेडात जीभ पाहा. जीभ ताणून फार वेळ बाहेर ठेवली की ती आपोआप लाल दिसते, म्हणून तीन-चार सेकंदांत आत घ्या. आपल्याकडे रोज जीभ घासायची सवय असते आणि घासणीने थर निघून जातो. अशा जिभेवरून 'थर नाही, म्हणजे यिन कमी' असा निष्कर्ष हमखास चुकतो. दोन दिवस घासणी बाजूला ठेवा, मगच पाहा. पान, कॉफी आणि रंगीत गोळ्या यांनीही फसगत होते.

जीभ लाल, थर कमी किंवा ठिकठिकाणी सोललेला, मधोमध बारीक भेगा असतील तर कमतरतेचा संशय पक्का होतो. जीभ फिकी, सुजरी, कडांवर दातांचे ठसे आणि हातपाय गार, असं असेल तर ही यांगची कमतरता. त्यात पुढचा आहार अपायच करेल. जीभ लाल, पण वर जाड चिकट पिवळा थर असेल तर शरीरात ओल आणि उष्णता एकत्र साचलेली आहे. तिथेही हे पदार्थ नकोत.

आता जागा शोधायची. कोरडा, कफ न सुटणारा खोकला आणि बसका आवाज म्हणजे फुप्फुस. भूक जाणवते पण खाववत नाही, तोंड कोरडं आणि शौच कडक, म्हणजे जठर. डोळे चुरचुरतात, दृष्टी धूसर होते, चिडचिड होते, म्हणजे यकृत. झोप लागत नाही, छाती धडधडते, म्हणजे हृदय. कंबर आणि गुडघे दुखतात, कानात गुणगुण होते, रात्री घाम येतो, म्हणजे मूत्रपिंड. ही नावं चिनी वैद्यकातल्या कार्यांची आहेत. मूत्रपिंडाचं यिन कमी आहे म्हणजे किडनी बिघडली आहे, असं नाही. बहुतेकांमध्ये दोन जागा मिसळलेल्या असतात. नवख्याने जठर आणि फुप्फुसापासून सुरुवात करावी. तिथे अन्नाचा उपयोग लवकर दिसतो आणि चूक झाली तरी सावरते.

पायरी ३: पोट तयार आहे का ते पाहा

यिन पोसणारे बहुतेक पदार्थ गोड, गार आणि चिकट असतात. ते पचवायला पोटात दम लागतो. तो नसेल तर ओलावा शरीराला मिळण्याऐवजी नुसता साचतो. पोट फुगतं, शौच पातळ होतं, तोंडाला चिकटा येतो, जिभेवर जाड थर धरतो. चिनी वैद्यांच्या भाषेत यिनच्या नावाखाली प्लीहेवर, म्हणजे पचनशक्तीवर, ओझं पडलं. या आहारात सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात, आणि दुर्दैवाने थर वाढल्यावर 'जीभ सुधारली' असं समजून तेच पदार्थ आणखी खातात. चांगला थर पातळ, पांढरा आणि जिभेत रुजलेला दिसतो. ओल साचल्याचा थर जाड, तेलकट आणि वरवर चोपडल्यासारखा असतो.

म्हणून शौच आधीपासूनच पातळ असेल किंवा जेवल्यावर पोट जड होत असेल, तर पहिला आठवडा फक्त पेजेवर काढा. चिनी घरांत 'जोउ' करतात ती म्हणजे आपली मऊ पेजच: एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी, मंद आचेवर तासभर, दाणा फुटून पाण्यात मिळेपर्यंत. सकाळी गरम, आणि सोबत लोणचं नको. यानेही जठराचं यिन सांभाळलं जातं. पोट हलकं झालं की पुढे जा. पुढच्या सूपांत संत्र्याची वाळलेली जुनी साल, 'छन-फी', एक छोटा तुकडा टाकण्याची दक्षिण चीनमधल्या क्वांगतोंग प्रांतातली रीत याचसाठी आहे. चिकटपणामुळे अडलेलं पचन ती चालतं करते. तिथल्या शिन्ह्वेईची साल सर्वांत नावाजलेली. घरी सेंद्रिय संत्र्याची साल वाळवून ठेवली तरी चालते, पण ती जुनी, तपकिरी आणि वासाला मुरलेली हवी, ताजी नको.

पायरी ४: जे आटवतं ते काढा

भर घालण्याआधी गळती बंद करा. मिरची, सुंठ, दालचिनी, मिरी, कच्चा लसूण, दारू, आणि बकऱ्याचं मटण हे सगळे उष्ण. तळलेलं, तंदुरीतलं, कोळशावर भाजलेलं अन्न तर पदार्थ कुठलाही असला तरी उष्ण आणि कोरडं मानतात, म्हणजे पद्धतीनेही गुण बदलतो. तीच कोंबडी उकडून निवळ सूप केली तर एक, तंदूरमध्ये भाजली तर दुसरी. लीची, लोंगान आणि ड्युरियन ही फळं गोड असली तरी उष्ण. कोळंबीही उष्ण आणि यांग वाढवणारी मानतात.

मराठी घरात इथे दोन अडथळे येतात: दिवसातून तीन-चार वेळा होणारा आल्याचा चहा आणि ताटातला ठेचा किंवा लसणाची चटणी. दोन्ही एका दिवसात सुटणार नाहीत. चहातलं आलं आधी काढा, मग संध्याकाळचा चहा. फोडणी राहू द्या, लाल तिखट निम्म्यावर आणा. ओलं आलं पूर्ण वर्ज्य नाही. थंड गुणाच्या सूपात दोन-तीन चकत्या मुद्दाम घालतात, पोट गारठू नये म्हणून. सुंठ मात्र नको.

आणखी एक गल्लत. 'उष्णता झाली' की कारल्याचा रस, कडू काढे, बर्फाचं सरबत अशी थंडाई सुरू होते. कडू आणि थंड पदार्थ खरी उष्णता उतरवतात, पण ते कोरडेही असतात आणि उरलंसुरलं यिन आटवतात. बर्फ पोटाला गारठवतो आणि पचन मंदावतो. थंड आणि ओलावा देणारा हे दोन वेगळे गुण आहेत. आपल्याला दुसरा हवा आहे, आणि तो गरम किंवा कोमट वाढलेल्या अन्नातूनही मिळतो. साधं पाणी भरपूर पिऊनही हे काम होत नाही. एका वेळी थोडं, घोट घोट प्या.

पायरी ५: सामान ओळखून घ्या

*यिन-अर*: झालरीच्या फुलासारखी दिसणारी सुकी पांढरी खाद्य बुरशी. भारतात ती 'स्नो फंगस' नावाने मिळते. फूच्येन प्रांतातल्या कूथ्येनमध्ये तिची मोठी शेती होते, स-छ्वानमधल्या थोंगच्यांगचीही प्रसिद्ध आहे. फुप्फुस आणि जठराला ओलावा देणारी. किंचित पिवळसर, वासहीन गेंद घ्या. पांढराशुभ्र आणि नाकाला झोंबणारा असेल तर गंधकाची धुरी दिलेली असते.

*बाय-ह*: खाद्य लिलीच्या कंदाच्या पाकळ्या. कोरडा खोकला आणि अस्वस्थ झोप यांसाठी. कानसू प्रांतातल्या लानचोउची लिली गोड असते, इतर जाती कडवट. बागेतल्या शोभेच्या लिलीचे कंद खाऊ नका. घरात मांजर असेल तर लिली तिच्यासाठी विषारी आहे, तिच्या आवाक्याबाहेर ठेवा.

*कमळाच्या बिया*: इथे दोन घोटाळे होतात. मखाणा म्हणजे कमळाची बी नव्हे. ती वेगळ्या पाणवनस्पतीची बी, चिनी वैद्यकात तिला वेगळं नाव आहे आणि तिचा गुण ओलावा देण्याचा नसून धरून ठेवण्याचा, आकसवण्याचा आहे. दुसरं, पूजेच्या दुकानातला काळ्या कवचाचा कमळगट्टा खाण्यासाठी ठेवलेला नसतो. सोललेल्या, पांढऱ्या, खाद्य म्हणून विकलेल्या बिया आणा. बीच्या पोटातला हिरवा अंकुर कडू आणि थंड असतो, तो काढून टाका.

*शान-याव*: लांबट चिनी कंद. हनान प्रांतातल्या च्याओच्वोचा सर्वोत्तम मानतात. पोट आणि यिन दोन्ही एकदम सांभाळतो, म्हणून नवख्यांसाठी सर्वांत सुरक्षित. आपलं कोनफळ याच्याच कुळातलं, पण जात वेगळी. भाजी म्हणून खा, औषधी गुण त्याला चिकटवू नका. सुरणाशी तर याचा संबंधच नाही. भारतात सुक्या पांढऱ्या चकत्या मिळतात. ताजा मिळाला तर सोलताना हातमोजे घाला, चिकामुळे खाज सुटते.

*गोजी*: निंगश्या प्रदेशातल्या चोंगनिंगची उत्तम. यकृत आणि मूत्रपिंडासाठी, डोळ्यांच्या कोरडेपणासाठी. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी गोजी खाऊ नये, रक्तस्राव वाढल्याच्या नोंदी आहेत.

*काळे तीळ*: आपल्याकडे संक्रांतीला तीळ उष्ण म्हणून खातात. चिनी वर्गवारीत काळे तीळ ना थंड ना उष्ण. ते आतड्यांना वंगण देतात आणि यकृत-मूत्रपिंड पोसतात. शौच पातळ असेल तर नकोत.

*शिंगाडा*: चिनी कृतींत 'वॉटर चेस्टनट' असतो तो चिखलातला गोल, कुरकुरीत, रसाळ गड्डा, म्हणजे 'मा-थी'. आपला शिंगाडा वेगळी वनस्पती आहे आणि पिठूळ आहे. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सुक्या मालाचं एका माणसाचं दिवसाचं प्रमाण, चिनी औषधकोशानुसार: लिली ६–१२ ग्रॅम, गोजी ६–१२ ग्रॅम, कमळबिया ६–१५ ग्रॅम, शान-याव १५–३० ग्रॅम, तुती ९–१५ ग्रॅम, काळे तीळ ९–१५ ग्रॅम. सगळं एकाच दिवशी घ्यायचं नसतं. एका वेळी दोन किंवा तीन.

बाकीचं सामान मंडईतच आहे: नाशपाती, तुती, कोहळा, घोसाळी, पालक, कमळकाकडी, टोफू, साखर न घातलेलं सोया दूध, अंडी, दूध. मांसाहारींसाठी बदक आणि डुकराचं मांस, कारण दोन्हींना चिनी वैद्यक यिन पोसणारं मानतं. कोकण-गोव्यातल्या वाचकांना कालवं आणि तिसऱ्या सहज मिळतात. क्वांगतोंग आणि फूच्येनच्या किनाऱ्यावर त्यांचं टोफू घालून निवळ सूप करतात. तिखट वाटणात शिजवल्या की हा उपयोग उरत नाही. उसाचा रस गार आणि ओलावा देणारा मानतात, पण रसवंतीवर 'आलं नको, बर्फ नको' असं आधीच सांगा.

पायरी ६: चार कृती

*यिन-अरचं गोड सूप (चार वाट्या).* यिन-अर १ मध्यम गेंद (साधारण १५ ग्रॅम), कमळबिया २५ ग्रॅम, सुकी लिली २५ ग्रॅम, गोजी १ मोठा चमचा, खडीसाखर २० ग्रॅम, पाणी दीड लिटर.

यिन-अर गार पाण्यात दीड-दोन तास भिजवा. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर बाहेर भिजत कधीही ठेवू नका. भिजलेल्या बुरशीत एका जिवाणूमुळे बाँगक्रेकिक आम्ल हे विष तयार होऊ शकतं, ते उकळूनही नष्ट होत नाही आणि चीनमध्ये त्याने माणसं दगावली आहेत. भिजल्यावर गिळगिळीत झालेली, वास येणारी बुरशी फेकून द्या. देठाकडचा कडक पिवळा भाग कापा आणि उरलेल्याचे नखाएवढे तुकडे करा. तुकडे मोठे राहिले की सूप पाणचट होतं. तुकडे आणि कमळबिया पाण्यात घालून एक उकळी आणा, मग मंद आचेवर एक तास, अधूनमधून ढवळत. लिली अर्धा तास वेगळी भिजवून तासाभराने टाका, आणखी २० मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत गोजी आणि खडीसाखर. गोजी जास्त उकळली की आंबट होते, आणि साखर आधी पडली की कमळबिया कडक राहतात. पातळ जेलीसारखं दाटलं की झालं. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर २५ मिनिटं पुरतात. दाटलं नाही तर बहुधा बुरशी जुनी किंवा धुरी दिलेली असते. एका वेळी एक वाटी, कोमट, जेवणानंतर दोन तासांनी. उरलेलं फ्रिजमध्ये दोन दिवस. मधुमेह असेल तर साखर वगळा.

*वाफवलेली नाशपाती (एका माणसाला).* कच्ची नाशपाती उष्णता उतरवते, शिजवलेली यिन पोसते. म्हणून कोरड्या खोकल्यात, पोट नाजूक असेल तर, शिजवलेलीच. वरची टोपी कापा, बिया कोरून काढा, पोकळीत भिजवलेल्या लिलीच्या सात-आठ पाकळ्या आणि खडीसाखरेचा छोटा खडा घाला, टोपी बसवा. वाटीत ठेवून, वाटी झाकून, ४५ मिनिटं वाफवा. सुटलेला रस सोडू नका, खरी मजा त्यातच आहे. ही कृती खोकला कोरडा असतानाच. पांढरा, भरपूर कफ पडत असेल तर नाशपाती कफ वाढवेल.

*शान-यावची पेज (दोन माणसांना).* तांदूळ ६० ग्रॅम, सुका शान-याव ३० ग्रॅम दोन तास भिजवून (किंवा ताजा १०० ग्रॅम), पाणी एक लिटर. सगळं एकत्र मंद आचेवर ५०–६० मिनिटं. ताजा कंद असेल तर शेवटची २० मिनिटं. चवीपुरतं मीठ. आठवड्यातून चार-पाच सकाळी चालते. थकवा आणि कोरडेपणा दोन्ही असतील तर हीच मुख्य ठेवा, यिन-अर आठवड्यातून एकदाच.

*शा-शन, यू-जू आणि बदकाचं सूप (चार माणसांना).* क्वांगतोंगच्या घरांत शरदातल्या कोरड्या हवेत हे ठरलेलं असतं. अर्धं बदक (७००–८०० ग्रॅम), शा-शन ३० ग्रॅम, यू-जू ३० ग्रॅम, ओल्या आल्याच्या ३ चकत्या, छन-फीचा एक तुकडा, पाणी अडीच लिटर. शा-शन आणि यू-जू ही मुळं-कंद वाळवून विकतात, पाण्यात १५ मिनिटं भिजवून धुवून घ्या. बदकाची जाड चरबी आणि शेपटाकडचा भाग काढा, तुकडे गार पाण्यात ठेवून एक उकळी आणा, फेस धुवून टाका. ही पायरी चुकली की सूप गढूळ आणि उग्र होतं. मग सगळं एकत्र करून मंद आचेवर दोन तास, मीठ शेवटी. वर तरंगलेलं तेल काढून टाका, नाहीतर पोट जड होणार. आठवड्यातून एकदा पुरे. शाकाहारी घरात बदकाऐवजी टोफू २०० ग्रॅम आणि कमळकाकडी २०० ग्रॅम, आणि वेळ ५० मिनिटं.

ऊ च्यूथोंग या छिंग राजवटीतल्या वैद्यांनी तापानंतरच्या कोरडेपणासाठी पाच रसांचं पेय सांगितलं: नाशपाती, मा-थी, ताज्या बोरूचं मूळ, ताजं माय-दोंग (एक औषधी मूळ) आणि कमळकाकडी (किंवा ऊस). घरी पाचही मिळणं कठीण. नाशपाती आणि कमळकाकडीचा समभाग रस, एकत्र अर्धी वाटी, एक उकळी देऊन कोमट प्या.

पायरी ७: दिवस कसा लावायचा

सकाळी पेज. दुपारी भात, टोफू किंवा अंडं, शिजवलेली पालेभाजी, कोहळा किंवा घोसाळी. चार वाजता वाफवलेली नाशपाती किंवा मूठभर तुती. रात्री हलकं, लवकर. यिन-अरचं सूप एक दिवसाआड. झोपायला रात्रीचे दोन वाजत असतील तर यातलं काही टिकत नाही. चिनी वैद्यकात रात्र ही यिनची वेळ मानतात आणि जागरणाने ते आटतं. अकराच्या आत अंथरुणात.

दोन-तीन आठवड्यांनी मोजदाद करा. आधी घशाचा कोरडेपणा आणि शौच सुधारतं, झोप नंतर, रात्रीचा घाम सगळ्यात शेवटी. जिभेवरचा पातळ थर मुळातून परततो तेव्हा दिशा बरोबर आहे. शौच पातळ झालं की यिन-अर, तीळ आणि नाशपाती थांबवून साध्या पेजेवर या, चार दिवसांनी निम्म्या प्रमाणात पुन्हा सुरू करा. महिना झाला आणि काहीच हललं नाही, तर निदान तपासून घ्यायला हवं, मात्रा वाढवायला नको.

सर्दी-ताप आला की हे सगळं थांबवा. बाहेरून आलेला रोग चिकट, पौष्टिक अन्नाने आत कोंडला जातो, असं चिनी वैद्य मानतात. नुसत्या तांदळाची पेज घ्या. ताप उतरून भूक परतली, जीभ स्वच्छ झाली की दोन-तीन दिवसांनी शान-यावपासून सुरुवात करा, आणि बदकाचं सूप त्याच्याही आठवडाभराने. गरोदर स्त्रियांनी शा-शन, यू-जू, माय-दोंग अशी वाळवलेली औषधी मुळं वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पेज, टोफू, अंडी आणि फळं यांना हरकत नाही.